'सातबाऱ्यावर' हा शब्द सापडेना, तर दुरुस्ती कोणी करायची?

(ऑडिओ भागाची लिखित आवृत्ती. बोलताना सुटलेले काही तपशील इथे भरले आहेत.)

आजचा भाग जरा वेगळा आहे. राजे नाहीत, लढाया नाहीत. आज इतिहास सांगायचाय तो तुमच्या हातातल्या फोनमध्ये मराठी अक्षर कसं उमटतं याचा, आणि त्यामागे चाललेल्या एका जुन्या वादाचा: कुठलं काम कुठल्या लायब्ररीने करायचं?

लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅमरच्या भाषेत लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं, आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारं तयार काम. ओपन सोर्स असेल तर ते कुणालाही वाचता येतं, वापरता येतं, आणि 'यात हे पण टाका' असं म्हणत बदल पाठवता येतो. तो बदल घ्यायचा की नाही, हे सांभाळणारे लोक ठरवतात. या 'घ्यायचा की नाही'वरच आजचा भाग आहे.

केजमधलं दुकान

साल २०१३. केजला माझ्या मामाचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. सुट्टीत मी तिथं बसायचो. एक दिवस धारूरकडचे एक आजोबा आले. म्हणाले, "लेकरा, मागल्या उन्हाळ्यात इथंच अर्ज टाइप केलता. त्याचीच अजून एक कापी काढून दे."

आमच्याकडे फायलींना माणसाचं नाव द्यायची शिस्त नव्हती. विषयाचं नाव द्यायचो. त्यांचा अर्ज सातबाऱ्यावर नाव लावण्याचा होता. मी कॉम्प्युटरवर 'सातबाऱ्यावर' शोधलं. एक पण फाइल आली नाही. नुसतं 'नोंद' शोधलं तर शेकड्यानं आल्या. मी सांगून टाकलं, "नाहीये बाबा. डिलीट झाली असंल."

आजोबा काही बोलले नाहीत. घाट उतरून एसटीनं आले होते, तसेच गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. "एकदा नीट बघ," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी एकेक फाइल उघडत बसलो. दोन तासांनी सापडली. फाइलच्या नावात 'सातबाऱ्यावर' हाच शब्द होता. डोळ्यांना अगदी तोच. मग आधी सापडला का नाही?

कारण तो शब्द मामाच्या मुलाने दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केला होता. दिसायला सारखा, पण कॉम्प्युटरच्या आत वेगळा. हे मला कळलं तीन-चार वर्षांनी, प्रोग्रॅमिंग शिकल्यावर.

तीन दारं

कळल्यावर मला वाटलं, आपणच दुरुस्त करू. अक्षरं पडद्यावर मांडणाऱ्या एका ओपन सोर्स लायब्ररीला मी लिहिलं: 'हे दोन्ही प्रकार एकच समजा.' उत्तर आलं: आम्ही ते दोन्ही सारखेच दाखवतो, आमचं काम तिथे संपतं, मूळ मजकुराला आम्ही हात लावत नाही. हे पहिलं दार.

मग मजकूर एकसारखा करून देणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीकडे गेलो. या वेळी वीसेक ओळींचा कोड लिहूनच पाठवला. तिथूनही उत्तर आलं: हे इथलं काम नाही. हे दुसरं दार.

खरं सांगतो, राग आला. मनात आलं, परदेशात बसलेल्यांना आमच्या सातबाऱ्याचं काय पडलंय! पण दुसऱ्या उत्तरात दोन ओळी जास्त होत्या: हे इथे का नाही, आणि कुठे असायला हवं. तिसरं दार त्या ओळींत होतं. पण ते समजायला मला इतिहास वाचावा लागला.

जेव्हा सगळं एकाच हातात होतं

सुरुवात आमच्याच जिल्ह्यातून करू. अंबाजोगाईचे दासोपंत, सोळाव्या-सतराव्या शतकातले संतकवी. त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. पंचीकरण हा वेदान्तातला विषय त्यांनी एका लांबच लांब कापडावर लिहून काढला. कागदावर नाही, कापडावर.

आता विचार करा, ती पासोडी लिहिताना कोणतं काम कोण करत होतं? कुठलं अक्षर हे ठरवणं, त्याचं वळण, जोडाक्षर कसं जोडायचं, ओळ कुठं मोडायची, सगळं एकाच हाताचं काम. चूक झाली तर कुणाची, हा प्रश्नच नाही.

कॉम्प्युटरवर मराठी आली तेव्हा आधी आपण हेच केलं. सगळं एकाच डब्यात कोंबलं. तो डबा म्हणजे फॉन्ट. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी ही नावं तुमच्या घरात कुणी डीटीपी केलं असेल तर माहीत असतील. या पद्धतीत अक्षराचा संकेत आणि अक्षराचं चित्र वेगळं नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवलेले असायचे: इथे काना, तिथे अर्धा त, पलीकडे रफार. आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. एका फॉन्टमधली लग्नपत्रिका दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की कचरा दिसायचा. छापायला ते चालायचं. शोधायला, पाठवायला, जपून ठेवायला चालायचं नाही. सगळी कामं एका डब्यात टाकल्याची ही किंमत होती.

पापणीच्या 'र'ला घर कुठं मिळालं?

दुसरा रस्ता असा: आधी फक्त अक्षरांचे संकेत ठरवायचे, चित्राचं नंतर बघू. भारतात हे काम जिस्ट या तंत्रज्ञानाभोवती झालं. ते आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतावली तयार झाली. १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून आली. जगभरच्या लिप्यांसाठीचं युनिकोडही १९९१ चंच, आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली.

इथे एक मराठी अडचण आली. 'सूर्य' लिहा आणि 'सातबाऱ्या' लिहा. दोन्हीत अर्धा र आणि य आहे. पण सूर्यात र वर चढून रफार होतो, आणि सातबाऱ्यात तो आडवा होऊन य च्या आधी बसतो, पापणीसारखा. इंग्रजीत त्याला आयलॅश रा म्हणतात. आपण पापणीचा र म्हणू. हा फरक शोभेचा नाही. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी. आणि आमच्या बीडकडे तर या र शिवाय पान हलत नाही: शेतकऱ्यांना, सातबाऱ्यावर, पऱ्हाटी, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, बालाघाटातल्या दऱ्या.

हिंदीत याची गरज पडत नाही. मग याला संकेत कुठला द्यायचा? इस्कीने त्याला ऱ या अक्षराच्या घरात ठेवलं. हा खाली टिंब असलेला ऱ मुळात द्राविडी भाषांमधला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून आहे; तमिळ-मल्याळममध्ये तो वेगळा आहे. मराठीत आपण तो पूर्ण रूपात लिहीतच नाही. पण त्याचा पाय मोडला की पापणीचा र मिळेल, असा नियम झाला. म्हणून आजही इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबायची, मग हलन्त, मग य.

युनिकोडच्या २.० आवृत्तीत, म्हणजे १९९६ मध्ये, याच कामासाठी वेगळी वाट होती: साधा र, हलन्त, आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. पुढे युनिकोडने इस्कीची पद्धत घेतली, पण जुना मजकूर मोडू नये म्हणून ही वाटही चालू ठेवली. म्हणजे एकाच अक्षराला दोन लेखनं. मी एक टाइप करून शोधत होतो, फाइलच्या नावात दुसरं होतं. आजोबांची ती पहिली फेरी इथे वाया गेली.

'हे आमचं काम नाही' म्हटल्यावर काय झालं

आता संकेत ठरले. पण संकेत म्हणजे चित्र नव्हे. 'कि' लिहिताना आधी क येतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसली पाहिजे. रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर गेला पाहिजे. हे कोण करणार?

१९९६ मध्ये डेव्हिड टर्नर यांनी फ्रीटाइप ही लायब्ररी सुरू केली. पुढे रॉबर्ट विल्हेल्म आणि वेर्नर लेम्बर्ग हे सोबत आले. काम असं: फॉन्टची फाइल वाचायची आणि त्यातल्या अक्षराचं चित्र काढून द्यायचं. तिच्या पहिल्या पिढीबरोबर एक जास्तीचा भाग होता. अक्षरं एकमेकांशी कशी जुळतात, जोडाक्षर कुठलं, याचे फॉन्टमधले तक्ते तो वाचायचा. म्हणजे आपल्यासाठी नेमका कामाचा भाग.

दुसरी पिढी आली तेव्हा हा भाग त्यात घेतला नाही. भूमिका साधी होती: आम्ही एका अक्षराचं चित्र देतो, अक्षरांची ओळ जुळवणं हे वेगळं शास्त्र आहे. आपल्या बाजूने बघितलं तर ही निराशाच. पण तो कोड मेला नाही. ओवेन टेलर यांनी तो पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीत नेला. तोच क्यूटी या दुसऱ्या प्रकल्पातही गेला. आता त्याच कोडच्या दोन प्रती, दोन घरांत, वेगवेगळ्या वाढत गेल्या. इकडे दुरुस्ती झाली तरी तिकडे तीच चूक तशीच.

मग २००६ च्या सुमारास बेहदाद इस्फहबोद आणि क्यूटीचे लार्स नॉल यांनी हे एकत्र आणलं. त्या लायब्ररीचं नाव हार्फबझ. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे मोकळं. ओपनटाइप या फॉन्टप्रकाराच्या नावाचंच ते फारसी रूप. पुढे बेहदाद यांनी ती जवळजवळ नव्याने लिहिली. भारतीय लिप्यांसाठी त्यांनी विकिपीडियातून लाखो शब्द घेतले आणि आपलं उत्तर मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबशी शब्दाशब्दाने ताडून बघितलं. आज क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, अँड्रॉइड या सगळ्यांत हार्फबझ आहे. हा भाग तुम्ही फोनवर वाचत असाल, तर वरची पऱ्हाटी आणि कुऱ्हाड बहुधा तिनेच जुळवून दाखवली असणार.

म्हणजे फ्रीटाइपच्या नकाराने ते काम बेघर झालं खरं, पण काही वर्षांनी त्याला स्वतःचं घर मिळालं. मधल्या काळात मात्र हाल झाले ते वाचणाऱ्यांचे. सुरुवातीच्या अनेक स्मार्टफोनवर वेलांटी चुकीच्या बाजूला दिसायची आणि जोडाक्षरं फुटलेली असायची. माझ्या पिढीने मराठी बातम्या वाचायला ऑपेरा मिनीची एक खास सेटिंग चालू करून अक्षरांची चित्रं मागवलीत!

आणि गंमत बघा. पुढे फ्रीटाइपलाही छोट्या आकारात अक्षरं स्वच्छ दिसावीत यासाठी हार्फबझची मदत लागली. हार्फबझला तर फ्रीटाइप आधीपासून लागत होती. दोघी एकमेकींवर अवलंबून. म्हणून त्या नव्याने तयार करताना आधी हार्फबझशिवाय फ्रीटाइप, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप, असा क्रम सांगितला जायचा. हद्द कितीही नीट आखा, बांधावरून ये-जा राहतेच.

हार्फबझ काय करत नाही

स्वतःला घर मिळाल्यावर हार्फबझनेही हद्द आखली. तिच्या माहितीपत्रात 'हार्फबझ काय करत नाही' असा वेगळा भागच आहे. ओळ कुठे मोडायची, उजवीकडून आणि डावीकडून लिहिलेला मजकूर मिसळला तर क्रम काय, एका फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर दुसरा कुठला, ही कामं ती घेत नाही. तुम्ही एक फॉन्ट, एक लिपी, एक भाषा ठरवून तुकडा द्या. ती तो जुळवून देते.

'भाषा ठरवून द्या' हे आपल्यासाठी महत्त्वाचं. मराठी ल आणि हिंदी ल यांचं वळण वेगळं, श चंही तसंच. संकेत मात्र एकच. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवता येतात, हार्फबझ त्यातलं हवं ते निवडू शकते. पण मजकूर मराठी आहे हे तिला कळणार कसं? लिपी बघून देवनागरी एवढं कळतं. मराठी, हिंदी की नेपाळी, ते नाही. हे फक्त ॲप किंवा वेबपेज लिहिणाऱ्याला माहीत असतं, आणि त्यानेच सांगायला हवं. बऱ्याचदा तो सांगत नाही, म्हणून आपल्याला हिंदी वळणाचा ल दिसतो.

फॉन्टवाल्यांनाही हाच प्रश्न पडला. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट वर्षानुवर्षं पुण्यातून सांभाळले गेले. आधी लोहित मराठी, लोहित हिंदी, लोहित नेपाळी असे वेगळे फॉन्ट होते. लिपी एकच, म्हणजे एका अक्षराची दुरुस्ती प्रत्येक फॉन्टमध्ये पुन्हा करायची. शेवटी ते लोहित देवनागरी या एका फॉन्टमध्ये एकत्र केले.

'हो' म्हणण्याचीही किंमत असते

नकाराचं कौतुक ऐकून असं वाटेल की नाही म्हणणं नेहमीच बरोबर. तसं नाही. ॲप, ॲसिड यातला ॲ घ्या. २००८ पर्यंत, म्हणजे युनिकोड ५.१ येईपर्यंत, त्याला स्वतंत्र संकेत नव्हता. लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवायचे. ५.१ मध्ये ॲ आला. मराठीची खरी गरज होती, ती मान्य झाली. पण आधी अ आणि चंद्र जोडून लिहिलेला मजकूर तसाच राहिला, आणि ती जोडी व नवा ॲ एकच आहेत असं युनिकोड मानत नाही. परत दोन लेखनं, दिसायला एक. म्हणजे 'हो' म्हटलं तरी खाली कुणाला तरी ते सांभाळावं लागतंच.

माझ्या वीस ओळी कुठे गेल्या

आता माझ्या नाकारलेल्या कोडकडे येतो. मी तो पाठवला होता नॉर्मलायझेशन करणाऱ्या लायब्ररीकडे. नॉर्मलायझेशन म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी लेखनं एका ठरलेल्या रूपात आणणं. ऐकायला माझं काम नेमकं तिथलंच वाटतं. पण त्याचे नियम लायब्ररीने ठरवायचे नसतात. ते युनिकोडचे आहेत, आणि युनिकोडने वचन दिलंय की एकदा ठरलेल्या अक्षरांसाठी हे नियम बदलणार नाहीत. कारण फायलींची नावं, पासवर्ड, डिजिटल सह्या यांची तुलना त्यावर चालते. माझ्या वीस ओळी घेतल्या असत्या तर ती लायब्ररी बाकी जगापेक्षा वेगळं उत्तर द्यायला लागली असती. केजमधली एक फाइल सापडली असती, आणि दुसरीकडे कुणाची तरी उघडली नसती.

उत्तरात पुढे लिहिलं होतं: हे शोधाचं काम आहे. शोधताना दोन लेखनं एक मानायची की नाही, हे शोधणाऱ्याच्या भाषेवर ठरतं, आणि ती भाषा शोधणाऱ्या प्रोग्रॅमला माहीत असते. हे तिसरं दार.

मी तसंच केलं. त्याच वीस ओळी मामाच्या दुकानासाठी लिहिलेल्या छोट्या शोधप्रोग्रॅममध्ये टाकल्या. तुम्ही काहीही टाइप करा, शोधण्याआधी तो दोन्ही बाजूंना एक रूप देतो. मूळ फाइल तशीच राहते. ॲ साठीही तेच केलं.

इतकं वाचून आणि करून मी एवढं शिकलो: एखादं काम कुठल्या लायब्ररीत जावं हे ठरवताना तीन गोष्टी विचारायच्या. ते करायला लागणारी माहिती कुणाकडे आहे? तिथे बदल केला तर आणखी कुणाचं बिघडेल? आणि दहा वर्षांनी ते कोण सांभाळणार? माझ्या वीस ओळी पहिल्या दोन्ही दारांत या प्रश्नांवर नापास झाल्या, आणि ते बरोबर होतं.

पण एक गोष्ट लायब्ररी सांभाळणाऱ्यांसाठीही. पहिल्या दारातलं 'आमचं काम संपलं' आणि दुसऱ्या दारातलं 'आमचं नाही, पण तिकडे विचारा' यांत फार फरक आहे. पहिलं उत्तर चूक नव्हतं, पण मी तिथेच सोडून दिलं असतं. आपल्याकडे सरकारी टेबलांवर हा अनुभव कुणाला नाही? या टेबलावरून त्या टेबलावर. प्रत्येकाचं म्हणणं नियमाने बरोबर, आणि माणूस मात्र घाट चढून-उतरून दमलेला.

मी त्या आजोबांना हेच केलं होतं. "नाहीये बाबा" म्हणून मोकळा झालो. फाइल तिथेच होती.

करून बघा

ऐकून झालं की फोनच्या नोट्समध्ये 'शेतकऱ्यांना' हा शब्द एकदा मराठी कीबोर्डवर टाइप करा, आणि एकदा इंग्रजी अक्षरांतून मराठी करणाऱ्या कीबोर्डवर. मग एक कॉपी करून दुसरा शोधा. सापडला तर छान. तुमच्या कीबोर्डांनी एकच वाट धरली आहे, किंवा शोध लिहिणाऱ्या कुणीतरी आपलं काम केलंय. नाही सापडला तर ते ॲप बनवणाऱ्यांना कळवा. आणि कळवताना फॉन्ट बिघडलाय असं लिहू नका. शोधताना दोन लेखनं एक माना, असं लिहा. योग्य दारावर गेलात तर उघडायची शक्यता जास्त.

तुमच्या तालुक्यातले पापणीच्या र चे शब्द मला नक्की पाठवा. पऱ्हाटीच्या पुढं यादी वाढवायचीय. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, रामराम.